बंद पडलेली गाडी आणि मराठी लेखक

गाडी बंद पडली, की मराठी लेखकाची लेखणी सुरू होते. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. चालत्या गाडीत माणूस आपापल्या खिडकीशी बसलेला असतो. ती थांबली, की तो खाली उतरतो, घड्याळ पाहतो, शेजाऱ्याला नाव-गाव विचारतो, चहा कुठे मिळेल याची चौकशी करतो. आणि ज्या गावाची पाटीही त्याने वाचली नसती, त्या गावात त्याला तास-दोन तास काढावे लागतात. कथेला याहून अधिक काय हवे? परक्या माणसांचा मेळावा, हाताशी रिकामा वेळ, आणि पुढे काय होणार याची कुणालाच नसलेली कल्पना. विनोदी कथा, ललितलेख, एकांकिका, चित्रपट, सगळ्यांनी ही सोय मनमुराद वापरली आहे. एखादी मोटार घाटात रुसून बसलेली नाही, असा दिवाळी अंक सापडणे कठीण.

माझी तक्रार आहे ती निराळीच. गाडी का थांबली, गाडीत कोण कोण होते, कुणाच्या डब्यात काय होते, हे आमचे लेखक फार बहारीने सांगतात. ती कुठे थांबली, हे मात्र त्यांना क्वचितच ठाऊक असते. ‘एक आडगाव’ म्हटले की त्यांचे काम भागते. त्या आडगावात माझ्यासारखी माणसे राहतात, आणि तीही मराठी पुस्तके वाचतात.

नांदेडहून लातूरला जाणारा आमचा रस्ता घ्या. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, अशी त्यावरची गावे. आज त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ असे भारदस्त नाव आहे. नाव बदलले तरी खालची काळी माती बदललेली नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कधी उठतो, कधी बसतो. आणि त्या उठाबशांचा हिशेब गाड्यांच्या कमानपाट्यांना चुकवावा लागतो. म्हणून या रस्त्यावर पंक्चरवाले आहेत, वेल्डिंगवाले आहेत, पाटे बसवणारे आहेत, आणि गाडी उभी असेतोवर उतारूंना चहा पाजणारे हॉटेलवाले आहेत. तुमची खोळंबलेली दुपार हा त्यांचा धंद्याचा वेळ. बंद पडलेल्या गाडीकडे पाहण्याच्या दोन जागा असतात: एक गाडीतले बाक आणि दुसरे समोरच्या हॉटेलातले. मराठी साहित्य बहुतेक पहिल्या बाकावर बसून लिहिले गेले आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. दुसऱ्या बाकावरून ते कसे दिसते, ते सांगतो.

आमच्याकडे मोटार उशिरा आली म्हणून असे झाले, असे म्हणावे तर तसेही नाही. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी धावली. निजामाच्या राज्यात, ज्यात आमचा मराठवाडा होता, सरकारी बसवाहतूक १९३२ सालीच सुरू झाली होती: रेल्वेच्या हाताखाली, २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन. म्हणजे तब्बल सोळा वर्षे आधी. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मग त्या गाड्याही निराळ्या खात्यात गेल्या. तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एस.टी. म्हटले की सह्याद्रीचा घाट आणि कोकणातले वळण उभे राहते. याचे श्रेय बव्हंशी एका माणसाचे आहे, आणि त्याच्याविषयी तक्रार करण्याची माझी छाती नाही.

पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ ज्याने वाचली नाही, किंवा निदान त्यांच्या आवाजात ऐकली नाही, असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एस.टी. वाटेत म्हशीला धडकते आणि सारा खोळंबा होतो. यंत्र बिघडलेले नाही, आडवी आली आहे ती म्हैस. पण साहित्याच्या दृष्टीने प्रकार तोच. उतारू, पुढारी, पोलीस, पंचनामा, सगळ्यांची एकच तारांबळ. २०१३ साली या कथेवरून एक सोडून दोन चित्रपट निघाले, आणि त्या दोघांची आपसात तंटेबखेडी झाली, हेही पु.लं.च्या कथेला शोभणारेच! मी ही कथा वर्गात वाचून दाखवतो तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेदेखील जागी असतात.

पण एकदा हसून झाल्यावर ती पुन्हा वाचावी. गाडीतल्या माणसांना पु.लं.नी नुसते चेहरेच नव्हे, तर भूतकाळ दिला आहे. कोण कुठला, कुणाचा रोख कुणाकडे, हे आपण दहा मिनिटांत ओळखू लागतो. म्हशीचा मालक धर्मा मांडवकर येतो, बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचेही हसू होते. त्याच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल, हा प्रश्न कथेच्या बाहेर राहतो. पु.लं.ची माणुसकी अशी, की त्यांचे हसू अधिक लागते ते उतारूंना. गरिबाची टवाळी त्यांनी केलेली नाही. मात्र त्यांच्यामागून जी पिढी आली, तिने ही जागरूकता टाकून दिली आणि नुसता साचा उचलला. मग थांबलेल्या गाडीभोवती जमणारा प्रत्येक गावकरी बावळट झाला, प्रत्येक हॉटेलातला चहा पिवळा पाणचट झाला, आणि मेस्त्री म्हटला की तो दारू प्यालेला किंवा झोपलेला. असल्या कथांचे पीक मी इतके वाचले आहे, की त्यांतला पुढचा विनोद मला मागल्या परिच्छेदातच दिसू लागतो.

आता जरा दूर जाऊ. फ्रीडरिख ड्युरेनमाट या स्विस लेखकाची १९५६ सालची एक दीर्घकथा आहे. तिच्या जर्मन नावाचा अर्थच ‘बिघाड’. मी ती मॅट्रिकच्या इंग्रजीवर, शब्दकोश शेजारी ठेवून, भाषांतरातून वाचली. ट्राप्स नावाचा कापडाच्या धंद्यातला एक फिरता विक्रेता. त्याची मोटार एका खेड्याजवळ बंद पडते. दुरुस्ती सकाळपर्यंत होणार नाही. खानावळीत जागा नाही, कारण लहान जनावरे पाळणाऱ्यांच्या संघाची तिथे सभा भरली आहे! हे वाचून मला हसू आले. मार्गशीर्षात आमच्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार लागतो. त्या दिवसांत या रस्त्यावर गाडी अडलेल्या माणसालाही रात्रीच्या निवाऱ्याची हीच पंचाईत. असो. ट्राप्सला एका म्हाताऱ्याच्या बंगल्यात पाहुणा म्हणून पाठवतात. म्हातारा निवृत्त न्यायाधीश. त्याचे तिघे मित्रही निवृत्तच: एक सरकारी वकील, एक बचावाचा वकील आणि चौथा फाशी देणारा. जेवणावर जेवण, दारूवर दारू, आणि करमणूक म्हणून पाहुण्यावर खोटा खटला. गुन्हा काय? तो सापडेलच की, असे म्हातारे म्हणतात, आणि सापडतो. ट्राप्सच्या साहेबाला हृदयविकार होता. ट्राप्सने त्याच्या बायकोशी संबंध ठेवले आणि ती गोष्ट त्याच्या कानी जाईल अशी तजवीज केली. साहेब मेला, आणि त्याची जागा ट्राप्सला मिळाली. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारा खून. शिक्षा ऐकून ट्राप्सला धन्य वाटते, आणि पहाटे तो स्वतःच गळफास घेतो. याच कथेचे लेखकाने नभोनाट्यही केले. त्यात मात्र ट्राप्स सकाळी उठतो, डोके धरतो, आणि दुरुस्त गाडी घेऊन मजेत निघून जातो. दोन्ही शेवट खरे वाटतात, आणि मला दुसऱ्याचेच अधिक भय वाटते.

इथे एक गोष्ट आपल्या लेखकांनी पाहावी. आपल्याकडे उतारू गावाची परीक्षा करतो. ड्युरेनमाटने गावाला उतारूची परीक्षा करायला लावले. गाडी थांबली म्हणजे माणूस त्या गावाच्या हाती सापडतो, ही साधी गोष्ट त्याला कळली होती. तरी त्याचाही एक डोळा मिटलेलाच. गाडी दुरुस्त करणारा त्याच्या कथेत आला कधी आणि गेला कधी, हे समजतही नाही. गाव म्हणजे चार पेन्शनर.

या कथेचे आणि विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे साम्य सहज लक्षात येते, आणि त्याची चर्चाही आपल्याकडे झाली आहे. ती चर्चा मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. तेंडुलकरांच्या नाटकात गाडी बंद पडत नाही. मुंबईची हौशी मंडळी एका गावी प्रयोगाला येतात आणि सभागृहात रिकामा वेळ घालवायला खेळातला खटला मांडतात. बेणारेबाईंना त्यांचीच माणसे सोलून काढतात. मला त्या नाटकात ज्याच्याविषयी नेहमी कुतूहल वाटले, तो सामंत. गावातला तेवढा एकच माणूस नाटकात आहे. पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट हाती धरून तो येतो, खुर्च्या लावतो, पाहुण्यांची सरबराई करतो. आणि पाहुणे त्यालाच साक्षीला उभा करतात. तो बिचारा एका स्वस्त कादंबरीत वाचलेले आठवून सांगतो, आणि त्याच खोट्या साक्षीतून खऱ्या बाईवरचा घाला पुढे सरकतो. शेवटी तो पोपट बेणारेपाशी ठेवून देणारा माणूसही सामंतच. शहराने गावाकडे येऊन गावाला काय दिले, तर खोटी साक्ष द्यायला लावली! तेंडुलकरांनी हे सांगितलेले नाही, दाखवले आहे. आमच्या बाकावरून पाहणाऱ्याला मात्र ते चटकन दिसते.

आणि आता ज्या लेखनाला मी या प्रकारात सर्वांत वर ठेवतो, त्याकडे वळतो. ते कथा नाही, नाटक नाही; ते या प्रकारातले म्हणून कुणी वाचतही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. त्यांच्या हयातीत त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांची पुस्तिका निघाली, आणि आज त्या मराठीतही मिळतात. त्यांतल्या तीन आठवणी प्रवासाच्या आहेत, आणि तिन्हींत वाहन हाच कळीचा मुद्दा आहे.

१९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघतो. मसूर स्टेशनावर उतरावे तो न्यायला कुणीच आलेले नाही. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरची मुद्रा बदलते, आणि गाडीवाले त्यांना बसवून न्यायला तयार होत नाहीत. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल होतो. अट अशी, की बैल मुलांनी हाकायचे आणि तो बाजूने पायी चालणार. वाटेत रात्र पडते, जवळ खायला भरपूर आहे, पण प्यायला पाणी मिळत नाही.

दुसरी आठवण चाळीसगावची, २३ ऑक्टोबर १९२९ ची. सरकारी समितीच्या कामावरून परतताना बाबासाहेब तिथे उतरतात. महारवाड्यातली माणसे त्यांना मोठ्या मानाने न्यायला येतात, पण तास होत आला तरी टांग्याचा पत्ता नाही. टांगा येतो तो असा हेलकावत, की थोडक्यात मोटारीवर आदळता आदळता वाचतो. पुढे नदीवरच्या बिनकठड्याच्या फरशीवर चाक दगडांत अडकते, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात, पायाचे हाड मोडते. घोडा आणि टांगा नदीत. का झाले हे? मागाहून कळते, की एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा तेवढा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आणि ज्याने जन्मात लगाम धरला नव्हता असा आपल्यातलाच एकजण हाकायला बसला, कारण पाहुण्याला पायी नेणे त्या माणसांना कमीपणाचे वाटले.

वाचकहो, ही आठवण पुन्हा एकदा कारागिराच्या नजरेने वाचा. टांग्याचे चाक का अडकले, याचे कारण चाकात नाही, घोड्यात नाही, फरशीतही अर्धेच आहे. कारण सांगण्यासाठी लेखकाला सारे गाव सांगावे लागते, आणि तो ते मोजक्या पानांत, आवाज न चढवता सांगतो. टांगेवाल्यावर तो आग पाखडत नाही. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही आपण वरचे, असे एका टांगेवाल्याला वाटू शकते, ही गोष्ट तो एखाद्या पंचनाम्यातल्या कलमासारखी नोंदवतो. आणि आपल्या माणसांचे चुकलेले प्रेमही तितक्याच शांतपणे नोंदवतो. आमच्या विनोदी कथांतला पंचनामा आणि हा पंचनामा शेजारी ठेवून पाहावेत.

तिसरी आठवण तर आमच्या मराठवाड्यातलीच. १९३४ साली तीसएक मंडळी वेरूळ पाहायला निघतात, वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांची बस थांबते. प्रवासाच्या धुळीने माखलेले लोक बाहेरच्या हौदावर हातपाय धुतात, आणि हौद बाटवला म्हणून गर्दी धावून येते. ही गर्दी मुसलमानांची. किल्ला पाहायला मिळतो तो हत्यारबंद शिपाई बरोबर घेऊन, आत पाण्याला हात लावायचा नाही या बोलीवर. बस ठणठणीत होती. बिघाड झाला तो उतरल्यावर.

गाडी थांबली की गाव पुढे येते, आणि गाव पुढे आले की प्रत्येक उतारूला ते सारखेच भेटत नाही. आपल्या सबंध ‘बंद गाडी’ वाङ्मयात हा भेद जवळजवळ नाही. खोळंबलेल्या उतारूला पाणी मागताना संकोच वाटत नाही, याचे कारण लेखकालाही तो कधी वाटलेला नसतो.

राहता राहिला मेस्त्री. त्याच्यासाठी मला पुन्हा मराठीबाहेर जावे लागते. ऋत्विक घटकांनी सुबोध घोषांच्या बंगाली कथेवरून १९५८ साली ‘अजांत्रिक’ नावाचा चित्रपट काढला. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची १९२० सालची शेव्हरले, ‘जगद्दल’. गाव त्याला वेडा म्हणते, पोरे चिखल फेकतात. तो गाडीशी बोलतो, तिला पाणी पाजतो, तिच्यावर रुसतो. गाठीला होते ते घालून तो तिचे नवे भाग बसवतो, तरी ती मरते ती मरतेच, आणि भंगाराच्या भावाने जाते. शेवटी तिचा तुटका भोंगा एका पोराच्या हाती लागतो, तो वाजतो, आणि बिमल हसतो. त्याच वर्षी हिंदीत ‘चलती का नाम गाडी’ आला. तिथेही पावसातल्या रात्री बंद मोटार घेऊन नायिका गॅरेजात येते, आणि कॅमेरा गॅरेजातल्या माणसाच्या बाजूला उभा असतो. किशोरकुमारने पाना हाती घेऊन जे केले, ते आमच्या एकाही कादंबरीच्या नायकाने अजून केलेले नाही.

गावाच्या आतून लिहिणारे आमच्याकडे नाहीत असे नव्हे. लातूरकडच्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ पाहा. खेड्यातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या, पार्वतीच्या, तोंडून येते. कुणी पाहुणा गाडीतून उतरून तिच्याकडे पाहत नाही. बोराडे २०२५ साली गेले. शिंप्याच्या यंत्राला मराठीत जी वाचा त्यांनी दिली, ती पंक्चरवाल्याच्या जॅकला अजून मिळायची आहे.

आणि तिथेच भाषेची अडचण उभी राहते. आमच्या या रस्त्यावरचे पुष्कळ मेस्त्री मुसलमान. ते जी बोलतात ती दखनी. तिच्यात ‘नक्को’ आहे, ‘हौ’ आहे, मराठीचा हेल आहे. अहमदपूर-उदगीरच्या बाजारात ती आणि मराठी एकाच ओसरीवर नांदतात. “क्या हुआ मामा, पाटा गया क्या?” असे तो विचारतो, आणि मामा सांगतात, “गेला बाबा, बघ की काय करायचं ते.” दोघांनाही दुभाषा लागत नाही. मराठी कथेत मात्र ही भाषा आली की ती हसण्यासाठी येते. मोडकी हिंदी म्हणून. ती मोडकी नाही. निदान चारशे वर्षांपूर्वी तिच्यात काव्य होत होते. ती कानाने ऐकून, तिचा मान राखून लिहिणारा कादंबरीकार आमच्यात निघाला, तर त्याच्या कथेतली गाडी कितीही वेळ बंद राहो, मी बसून राहायला तयार आहे.

छोट्या गावांचे नाव बाहेर जाते तेही काहीतरी बंद पडले म्हणजेच. लातूरचे नाव देशाच्या तोंडी आले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हलली तेव्हा; पुन्हा आले ते २०१६ च्या एप्रिलात नळ कोरडे पडून मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. दोन्ही वेळा बाहेरून गाड्या भरभरून लिहिणारे आले. त्यांतल्या पुष्कळांनी कळवळून लिहिले, हे मी नाकारत नाही. पण ते लेख वाचताना मला काच दिसत राही. मोटारीची काच.

शाळेत मी दरवर्षी आत्मवृत्तात्मक निबंध घालतो, तसा एकदा ‘बंद पडलेल्या गाडीचे मनोगत’ हा विषय घातला होता. बहुतेकांनी मार्गदर्शकातला निबंध उतरवला: मी एक अभागी गाडी, एकेकाळी माझा थाट काय होता, इत्यादी. एका मुलाने मात्र विषय सोडून दिला. त्याच्या वडिलांचे हमरस्त्याला पंक्चरचे दुकान. त्याने लिहिले, की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या टायर बसल्याचा आवाज अब्बांच्या आधी त्याला येतो. ट्रकचा निराळा, जीपचा निराळा. मग अब्बा उठतात. गाडीवाले नेहमी आधी भाव विचारतात आणि मग नाव विचारतात. अब्बा आधी जॅक लावतात. एकदा लग्नाचे वऱ्हाड चार तास अडले, तेव्हा अम्मीने सगळ्यांसाठी पाणी काढले, निम्म्यांनी प्यायले. पुढे त्याने कोणत्या गाडीचे किती नट असतात ते लिहिले होते, आणि निबंध तिथेच संपला होता, कारण तास संपला होता. वीसपैकी अठरा दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.